हजार रुपये, तीन मैत्रिणी

लग्न झालं की मुलीचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं. या सगळ्या बदलाबदलीत तिच्या मैत्रिणी कुठे जातात, हे मात्र कुणी विचारत नाही. नातेवाइकांकडे जायला बारसं असतं, लग्न असतं, दहावं-तेरावं असतं. मैत्रिणीकडे जायला निमित्तच नसतं. मग ‘एकदा येऊन जा गं’, ‘हो, येते ना’ असं म्हणता म्हणता वीस-पंचवीस वर्षं निघून जातात.

आम्ही चौघी जळगावला डी.एड.ला एका खोलीत राहत होतो. एक भुसावळला पडली, एक जळगावातच राहिली, एक नाशिकला गेली आणि मी बऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात आले. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेले सूफी आणि त्यांच्याबरोबरची माणसं इथे वसली, म्हणून मोहल्ल्याचं नाव सिंधीपुरा. परगावाहून आलेल्या माणसांचीच ही वस्ती, त्यामुळे मीही इथे सामावून गेले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शेजारच्या खालांशी थोडी उर्दू. माहेर आणि सासर यांच्यात राज्याची हद्द आहे खरी, पण अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तरी एकटी म्हणून मी त्या हद्दीपलीकडे कधी गेले नव्हते. कुणाचं तरी बोट धरून किंवा कुणाला तरी बोट देऊनच गेले.

यंदा संक्रांतीनंतर जायचं ठरवलं, त्याला कारण होतं नाशिकची. तिचे मिस्टर जाऊन दीड वर्ष झालं. आमच्या चौघींचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यावर ती सकाळी हात जोडलेलं चित्र टाकायची, तेही बंद झालं. फोन केला तर ‘ठीक आहे’ एवढंच. आम्ही तिघी ‘काळजी घे’ म्हणायचो आणि फोन ठेवायचो. काळजी घे म्हणजे तिने नेमकं काय करायचं, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

घरात सांगितलं तेव्हा हे म्हणाले, “एकटी? आणि जनरलने?” मुलगा म्हणाला, “आई, मी एसीचं तिकीट काढून देतो.” दोघांचं म्हणणं प्रेमाचंच होतं. पण मला ही फेरी माझ्या पैशाने करायची होती. साड्यांना फॉल-पिको करून मी डब्यात साठवलेले हजार रुपये होते. तेवढ्यात पाच दिवस, चार मुक्काम आणि तीन गावं बसवायची होती. पूर्वी बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून रेल्वेत निम्म्या भाड्याची सवलत असे. ती मार्च २०२० मध्ये थांबली, आणि माझी अठ्ठावन्न वर्षं भरली ती त्यानंतर. त्यामुळे पूर्ण तिकीट धरूनच हिशेब मांडला.

शनवाऱ्यावरून रिक्षाने लालबागला, म्हणजे आमच्या स्टेशनला आले. बरोबर खांद्याची एक पिशवी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तिळगुळाचा डबा आणि मैत्रिणींसाठी बऱ्हाणपूरचा दराबा. मावा जिलबी न्यायची फार इच्छा होती, पण ती गरमच खावी. दराबा प्रवासात टिकतो.

हा रेल्वेमार्ग जुना. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले ते याच वाटेने, अलाहाबादवरून. पण मी त्याकडे कधी खिडकीतून नीट पाहिलंच नव्हतं. दरवेळी मांडीवर पोर नाहीतर पायाशी सामान. या वेळी वाघोडा आलं, पाटीवर मराठी दिसली आणि उगाचच बरं वाटलं. मग रावेर, निंभोरा, सावदा. दोन्ही बाजूंना केळीच केळी. दुसखेडा गेलं की तापीचा पूल. बऱ्हाणपुरात घाटावरून रोज दिसणारी तापी इथे रुंद होऊन भेटली. समोरच्या बाईंनी विचारलं, “एकट्याच निघाल्या का ताई?” मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही, नुसती जागा करून दिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सोपं होतं.

भुसावळची मैत्रीण गुडघ्यांनी बेजार आहे. तिचे मिस्टर रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे रात्री यार्डातल्या शिट्ट्या ऐकून कोणती गाडी कुठे उभी आहे ते तिला अजून कळतं. आम्ही भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, दोन वाजेपर्यंत बोललो. जळगावची मात्र नातवंडांत अडकलेली. तिच्या घरी आम्ही सलग दहा मिनिटं बोलू शकलो नाही. एकाला शाळेत सोडणं, दुसऱ्याला भरवणं, मधे सुनेचा फोन. निघताना ती म्हणाली, “तू आलीस आणि मी तुझ्याजवळ बसलेसुद्धा नाही.” मी म्हटलं, “तुझ्याबरोबर मेथी निवडली ना, झालं की.” खरोखर मला त्यात काही कमी वाटलं नाही.

नाशिकला जाणाऱ्या गाडीत जनरल डब्यात गर्दी होती. मनमाडपर्यंत पिशवीवर बसून गेले, पुढे जागा मिळाली. मैत्रीण स्टेशनवर आली नव्हती. पत्ता विचारत घरी पोहोचले. दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्ती जास्त दिसली. घरात पडदे ओढलेले. तिने चहा केला, आम्ही हवापाण्याचं बोललो. तिळगूळ दिला तर तिने तो हातात घेऊन तसाच बशीत ठेवला. म्हणाली, “गल्लीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. बोलावतील का, बोलावलं तर वाण देतील का, या विचारापेक्षा मी दारच लावून घेते.”

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आम्ही सगळ्यांनी त्या बातमीचं कौतुक केलं होतं, तिनेही केलं होतं. पण ठराव गावाचा असतो, आणि शेजारणीने हात आखडता घेतला तर त्यावर ठराव चालत नाही.

मी तिला काय सांगणार होते? उपदेश मला जमत नाही. मला भूक लागली होती आणि हॉटेलात जेवायला पैसे नव्हते, म्हणून म्हटलं, “अगं, मला भाकरी पाहिजे गरम. आणि अंघोळीला पाणी तापव, गाडीत फार धूळ बसली.” ती उठली. पिठाचा डबा काढला तर बाजरी संपलेली. ‘थांब, आणते’ म्हणाली आणि चपला घालून खाली गेली. मला त्यात विशेष वाटलं नाही. रात्री जेवताना तीच म्हणाली, “आज किती दिवसांनी दुकानात गेले. मुलगा सगळं घरपोच मागवतो. सगळे मला ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात. माझ्याकडे काही मागत कुणीच नाही.”

ते ऐकून मी हातातला घास तसाच धरून बसले. मुलाने दिलेल्या पैशांनी मी आले असते तर कदाचित लॉजवर उतरले असते, ‘तुला कशाला त्रास’ म्हणून जेवूनच तिच्याकडे गेले असते. दोन तास बसून, सांत्वन करून परतले असते. हात आखडता होता म्हणून मला तिच्याकडे अंथरूण, पाणी, भाकरी मागावी लागली. आणि तिला तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी मागत राहिले. साडीची पिन, डोक्याला तेल, गोदाकाठी सोबत. रामकुंडावर गर्दीत तिने माझा हात धरला तो रस्ता चुकू नये म्हणून, कारण नाशिक तिचं होतं आणि पाहुणी मी होते. संध्याकाळी तिने बशीतला तिळगूळ खाल्ला. रडली थोडी. मग मिस्टरांच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या काहींवर आम्ही पोट धरून हसलो.

कुणाला असं निघायचं असेल तर दोन-चार गोष्टी सांगते. जनरलचं तिकीट दोनशे किलोमीटरच्या आतलं असेल तर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा पहिल्या गाडीने निघावं लागतं, म्हणून आदल्या रात्री काढून ठेवू नका. गाडीला महिलांचा डबा असेल तर तो कुठे लागतो ते फलाटावरच विचारून घ्या. रेल्वेच्या मदतीचा नंबर १३९ मोबाईलमध्ये घालून ठेवा. सामान स्वतःला उचलेल एवढंच घ्या. मैत्रिणीला आधी कळवा, दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नका आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. गेल्यावर मात्र पाहुणीसारखं अवघडून बसू नका. मोकळेपणाने मागा.

माझी चारही तिकिटं मिळून तीनशेच्या आत आली. रिक्षा, चहा, दराबा, मुलांसाठी खाऊ धरून हजारातले दोनशे दहा उरले. ते वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. नाशिकची उन्हाळ्याच्या आधी इकडे येते म्हणाली आहे, तीही एकटी, जनरलने. तिला कुंडी भंडारा पाहायचाय आणि मावा जिलबी गरम खायचीय. ती काय काय मागते ते आता मी बघणार आहे.