अंधेरीची एक फेरी आणि एक जुनी मोटार

अंधेरी म्हणजे गाडी बदलण्याचे स्थानक, एवढीच पुष्कळ मुंबईकरांची समजूत असते. १९२८ साली येथून ट्रॉम्ब्यापर्यंत एक लहानसा लोहमार्ग सुरू झाला होता. तो १९३४ मध्ये बंद पडला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, ८ जून २०१४ रोजी, वर्सोव्याहून अंधेरीवरून घाटकोपरला जाणारी मेट्रो धावू लागली. पश्चिमेस उतरून थोडे चालले की गिल्बर्ट टेकडीचा काळा कातळ दृष्टीस पडतो. सुमारे दोनशे फूट उंचीचा हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून, त्याला चारी बाजूंनी इमारतींनी वेढले आहे. पुढे चार बंगला, सात बंगला ही नावे लागतात. बंगले बहुतेक गेले, नावे मात्र राहिली. त्या दिवशी आम्ही ज्या कामासाठी निघालो होतो, त्यातही हाच प्रकार आमच्या वाट्यास येणार आहे, याची आम्हांस तेव्हा कल्पना नव्हती.

आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांस घरात सारे दादा म्हणतात, ते सेवानिवृत्त झाले आणि त्यांनी एके रात्री जेवणाच्या पंक्तीत जाहीर केले की, अंधेरीस एक एम. जी. टी. सी. विकावयाची आहे व ती घेण्याचा आपला मानस आहे. कॉलेजात असता त्यांनी ही दोन माणसांची उघडी मोटार कोणाच्या तरी दारात पाहिली होती, तेव्हापासूनचा हा ध्यास! सांगितलेली किंमत ऐकून वहिनींच्या हातातील वाढणी तशीच थांबली. धाकट्या पुतणीचे शिक्षण अजून व्हावयाचे होते. शेवटी आमच्या काकूंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "दादा, घ्यायची तर घे. पण सोने घेताना कसोटीला लावतोस ना? तशी तीही लाव. खोटी निघाली, तर ते पैसे मुलीचे." दादांनी ते मान्य केले, आणि कसोटीचे काम आमच्याकडे आले.

ज्या वाचकांस ही मोटार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. इंग्लंडात ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार टी. सी. तयार झाल्या. तारांच्या काड्यांची एकोणीस इंची बारीक चाके, लांबट बोनेट, लाकडी चौकटीवर ठोकलेला पोलादी पत्रा आणि १२५० घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, अशी तिची ठेवण. कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता, म्हणून गाड्यांचे क्रमांकही एकापासून न धरता २५१ पासून धरले, ही त्या लोकांची मौज!

आपल्याकडे आलेल्या अशा गाड्यांचे पुढले आयुष्य मोठे कष्टाचे गेले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले. मुंबईत शिवडीस १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही १९५४ मध्ये आपला कारखाना बंद केला. सुटे भाग मिळेनासे झाले, आणि आपल्या मिस्त्री लोकांनी जे हाती लागेल त्यावर या गाड्या चालत्या ठेवल्या. त्यांचे ते कौशल्य वादातीत आहे. पण विकत घेणाऱ्यापुढे प्रश्न त्यातूनच उभा राहतो. शिवाय आता यास कायद्याचेही अंग आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच त्या वर्गात मोडते. राज्याने नेमलेली समिती ते पाहते, आणि मग 'व्ही. ए.' ही अक्षरे असलेला क्रमांक दहा वर्षांसाठी मिळतो.

गाडीचे मालक ऐंशीच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ होते. जुन्या दुमजली घराच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी होती. "माझ्या वडिलांची गाडी. हिच्यात काही खोटे नाही. काय पाहायचे ते खुशाल पाहा," असे म्हणून त्यांनी चहा मागविला. आमच्याबरोबर साकीनाक्याकडचे एक अनुभवी मिस्त्री होते; त्यांस सारे उस्ताद म्हणतात.

आम्ही कागदांपासून आरंभ केला. नोंदणीचे जुने पुस्तक, त्यावरील 'बी. एम.' ने सुरू होणारा क्रमांक, मालकीच्या नोंदी, कर भरल्याच्या पावत्या हे सारे नीट होते. नंतर चासीच्या पुढल्या टोकाचा रंग खरवडून लोखंडात ठोकलेला क्रमांक उघडा केला. अंक थोडे वाकडेतिकडे, पण एकसारख्या खोलीचे. भोवतीचे लोखंड घासलेले किंवा भरलेले नव्हते. तो पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पितळी पट्टी दुसरीकडून आणून लावता येते, लोखंडात ठोकलेला अंक सहजी हलविता येत नाही. म्हणून विश्वास लोखंडावर ठेवावा, पट्टीवर नव्हे.

मग उस्तादांनी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक साऱ्या पत्र्यावरून फिरविले. जेथे ते घसरले, तेथे खाली लांबी भरलेली. दोन्ही मडगार्डांस पुष्कळ होती, दारांस थोडी. दाराच्या आतील पत्रा सोडवून लाकूड पाहिले. मूळची चौकट ॲश नावाच्या विलायती लाकडाची असते; येथे खालच्या अर्ध्यात सागवान होते. कोकणकिनाऱ्याचा पावसाळा सोसून विलायती लाकूड टिकले नाही, याचे नवल नाही. उस्ताद म्हणाले, "साग बसवला त्याने काम चांगले केले." आम्ही तसे टिपून घेतले.

शेवटी इंजिन. त्याच्या बाजूला अष्टकोनी पितळी पट्टी होती आणि तीवरील क्रमांक पुस्तकाशी जुळत होता. दादांचा चेहरा उजळला. परंतु उस्ताद पट्टीकडे न पाहता ती धरून ठेवणाऱ्या दोन नव्या स्क्रूंकडे पाहत होते. त्यांनी मालकांची परवानगी घेऊन इंजिनाचे डोके उतरविले. तो दुपारभराचा उद्योग होता. मग सिलिंडरात माप घालून त्यांनी ते आमच्यापुढे धरले : ६४ मिलिमीटर.

याचा अर्थ असा. टी. सी.च्या इंजिनाचा सिलिंडर मूळचाच ६६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. झिजून किंवा घासून तो मोठा होईल. लहान कधीही होणार नाही. याच इंजिनाचा एक धाकटा भाऊ मॉरिस टेन या गाडीत असे. त्याचा दट्ट्या तेवढाच, ९० मिलिमीटर चालतो, पण सिलिंडर ६३.५ चा, म्हणून त्याचे माप ११४० घनसेंटिमीटर भरते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. आणि ही मॉरिस टेनच आपल्याकडे हिंदुस्थान टेन या नावाने निघत असे! तेव्हा समोरचे इंजिन बहुधा हिंदुस्थान टेनचे, एकदा घासून घेतलेले; पट्टी तेवढी टी. सी.ची.

कोणी काही बोलेना. मालक बराच वेळ त्या उघड्या सिलिंडरांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी शाळेत होतो. एका पावसाळ्यात इंजिन फुटले म्हणून गाडी वर्षभर उभी होती. मग वडिलांनी ते दुरुस्त करून आणले, एवढेच मला ठाऊक. दुरुस्त म्हणजे हे, असे कधी मनात आले नाही." फसविण्याचा हेतू कोणाचाच नसावा. पुस्तकातला क्रमांक जुळावा म्हणून कोणा मिस्त्र्याने पट्टी काढून नव्या इंजिनावर बसविली असेल, आणि गाडी पुन्हा घरच्या माणसांना घेऊन हिंडू लागली असेल.

परतीच्या वाटेवर दादा गप्प होते. आम्ही त्यांस लंडनच्या न्यायालयातील १९९० सालचा एक खटला सांगितला. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकणाऱ्या 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीचा एक कोटी पौंडांत सौदा ठरला होता. घेणाऱ्याने पुढे हरकत घेतली की, हिच्यात मूळचे जवळजवळ काहीच उरलेले नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की, भाग बदलले तरी गाडीची परंपरा कोठे खंडित झालेली नाही, सबब ती तीच गाडी होय. आपल्याकडे जीर्णोद्धार झालेल्या देवळातला देव आपण निराळा मानतो काय? दादा म्हणाले, "मानीत नाही. पण जीर्णोद्धार केल्याची शिळा आपण दारात लावतो. येथे ती शिळाच नव्हती."

हा मुद्दा आम्हांस पटला. बदल होणे हा दोष नव्हे. तो झाकलेला राहणे हा दोष.

दोन दिवसांनी मालकांचाच दूरध्वनी आला. ते म्हणाले, "जे निघाले ते करारपत्रात माझ्या हाताने लिहून देतो. तुम्ही नाही घेतली, तर पुढच्यालाही तेच सांगेन." किंमत त्यांनी आपण होऊन एक तृतीयांशाने उतरविली. दादांनी गाडी घेतली. करारपत्रात चासी मूळची, चौकट अर्धी सागवानी, इंजिन दुसऱ्या गाडीचे, असे स्वच्छ लिहिले आहे. आंबिवलीच्या परिवहन कार्यालयात इंजिनाच्या बदलाची नोंद आधी करावयाची, 'व्ही. ए.' क्रमांक मिळो वा न मिळो, असे ठरले. उरलेली रक्कम काकूंच्या सांगण्यावरून पुतणीच्या नावे ठेवली.

आमच्या वाचकांपैकी कोणास असा मोह झालाच, तर एवढेच सांगतो : अनुभवी मिस्त्री बरोबर न्यावा, पट्टीपेक्षा लोखंडावर विश्वास ठेवावा, आणि मालक इंजिन उघडू देत नसेल तर चहा पिऊन परत यावे. परवा दादा वहिनींना घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आले. वहिनी म्हणाल्या, "वारा फार लागतो." पण पुढच्या रविवारी डोक्यास बांधावयाचा रुमाल त्यांनी आधीच काढून ठेवला आहे.