पाच पोरींचं एकच उत्तर

परवा पुतणीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. रडत होती. "काका, सिम्युलेशनच्या असाइनमेंटला शून्य दिलंय. मी तर स्वतः केलं होतं!"

केलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन संध्याकाळ ही पोरगी आपल्या एसटी स्टँडवर पासच्या खिडकीजवळ मोबाइलचं घड्याळ लावून उभी होती. माणूस किती वेळाने येतो, खिडकीवर किती वेळ जातो, सगळं वहीत. त्यावरून कॉम्प्युटरमध्ये रांग उभी करायची आणि दुसरी खिडकी उघडली तर किती वेळ वाचेल ते काढायचं. (डेपोवाल्यांनीही बघावं असं काम आहे.)

मग शून्य का? चार मैत्रिणींनी तिचा कोड मागितला, तिने दिला. त्यांनी इकडची तिकडची नावं बदलून जमा केला. पाचही जणींचं उत्तर दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सारखं! अशा प्रयोगात कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढल्यासारखे आकडे उचलतो. पण त्या चिठ्ठ्या खऱ्या नसतात. सुरुवातीचा एक आकडा असतो, त्याला 'सीड' म्हणतात. तो तोच ठेवला की त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने निघतात. पुन्हा चालवलं तर तेच उत्तर मिळावं म्हणून हिने तो लिहून ठेवला होता. ती चांगली सवय. बाकीच्यांना तो आकडा कशाचा हेच कळलं नाही, म्हणून जसाच्या तसा राहिला.

सरांनी पकडलं ते बरोबरच. पण वर्गात सांगितलं होतं फक्त "आपसात चर्चा करा". चर्चा कुठे संपते आणि कॉपी कुठे सुरू होते, हे कुठेही लिहिलेलं नाही. देणारीला आणि घेणारीला एकच शिक्षा, हेही आधी कुणाला माहीत नव्हतं.

हार्वर्डच्या सीएस ५० या कोर्समध्ये काय चालतं आणि काय नाही याची यादीच दिलेली असते. अडचण बोलून समजून घ्या, पण स्वतःचं उत्तर जमा करण्याआधी दुसऱ्याचा कोड मागू नका. २०१४ पासून तिथे आणखी एक सोय आहे: चूक झाली तर ७२ तासांच्या आत स्वतः येऊन सांगा. त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण कोर्सकडून प्रकरण पुढे जात नाही.

खोटं कशाला बोलू, डिप्लोमा करून आलो तेव्हा मीही प्रेसनोट दोन शब्द बदलून 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून छापलीय. दुसऱ्या दिवशी तीच बातमी चार पेपरांत, एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट. मला कुणी शून्य दिलं नाही.

पुतणीला म्हटलं, वही घेऊन सरांना भेट, तोंडी परीक्षा घ्या म्हण. ती म्हणाली, "मग त्या चौघी फेल होतील, काका."

यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. सोमवारी जाणार आहे ती. कॉलेजात शिकवणारे कुणी वाचत असाल तर सांगा, तुमच्याकडे हा नियम लेखी आहे का?