कुळाच्या रकान्यातले पणजोबा

माझे पणजोबा जन्मभर कुंभार पिंपळगावचेच राहिले, पण त्यांच्या डोक्यावरचं राज्य तीनदा बदललं. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर गाव भारतात आलं, 1956 ला मुंबई राज्यात गेलं आणि 1960 ला महाराष्ट्रात. पणजोबा वारल्यानंतर 1981 मध्ये जालना जिल्हा झाला, पुढे घनसावंगी तालुका. साध्या माणसाचा माग काढणाऱ्याला हे आधी पाठ असावं लागतं. माणूस जागचा हलत नाही, कागद मात्र हलतात. आमच्याकडचे जुने कागद तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद असेच शोधावे लागतात.

2023 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि खासरापत्रक, पाहणीपत्रक, सेतवार ही जमिनीच्या जुन्या कागदांची नावं पारावर ऐकू येऊ लागली. लोक त्यांत जातीची नोंद शोधत होते. ती निकड खरी आहे. माझं सांगणं एवढंच की, नोंद सापडली म्हणून लगेच बस्ता बांधू नका. त्याच पानावर अख्खा माणूस असतो.

आमच्या खासरापत्रकातली एक ओळ पाहा. सर्वे नंबर, क्षेत्र, आकार, पीक ज्वारी आणि कपाशी. मालकाच्या जागी परकं नाव. पणजोबा आहेत ते कुळाच्या रकान्यात. घरात तर ही जमीन पिढीजात म्हणूनच सांगितली जायची. आता या ओळीशेजारी काळ ठेवा. हैदराबादचा कुळकायदा 1950 चा, खासरापत्रक त्यानंतरचं. दुसऱ्याचं रान कसणाऱ्याच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला तो या वर्षांत. मग ती ओळ नुसती नोंद राहत नाही, एका माणसाच्या पायाखाली जमीन येताना दिसते.

निजामी कागदांवर साल फसली असतं. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. पण फसली साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून जानेवारीपासूनच्या नोंदीला 591 मिळवायचे. म्हातारी माणसं तर आकडे सांगतच नाहीत. ती मानमोडीची साथ सांगतात, रझाकारी सांगतात, सुकडीचा दुष्काळ सांगतात. 1918, 1947-48, 1972 असे आकडे आपण लावायचे. त्यांचं कालमापन पक्कं असतं.

मी वहीच्या पानाचे दोन भाग करतो. डावीकडे कागदाने किंवा माणसाने सांगितलेलं, उजवीकडे त्या साली मुलखात घडलेलं. उजवीकडचं डावीकडे ढकलायचं नाही. रझाकारीत घर बंद करून पणजोबा नगरकडे, संस्थानाच्या हद्दीपलीकडे गेले, असं आत्या सांगतात. कागद नाही. म्हणून ‘आत्यांनी सांगितलं’ असंच लिहिलं. त्या काळात अनेकजण तसे गेले, हा त्यांच्या जाण्याचा पुरावा होत नाही.

सगळ्यांत अवघड पणजीचा शोध. सारा भरणाऱ्याचं नाव कागदावर येतं. निंदणी-वेचणीत जन्म गेलेल्या बाईचं येत नाही. पणजी मला सापडली ती पणजोबांच्या वारसाच्या फेरफारात, मुलांच्या बरोबरीने, खाली मुलींचीही नावं. तिचं नाव कागदावर यायला नवऱ्याचं मरण आणि 1956 चा हिंदू वारसा कायदा, दोन्ही लागले.

माणसाच्या आयुष्याजवळ इतिहास ठेवायचा तो त्याला मोठं करण्यासाठी नव्हे, तर त्याने काय सोसलं आणि काय मिळवलं ते नीट मोजता यावं म्हणून. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. बायकांची माहेरची नावं आणि माहेरची गावं आधी विचारा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून लिहून ठेवा. कागद दप्तरात अजून काही वर्षं थांबतील, माणसं थांबणार नाहीत.