कोंबडी विरुद्ध चीज

दोन चांगल्या वस्तू समोरासमोर उभ्या करून त्यांत श्रेष्ठ कोणती असे विचारण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. आंबा श्रेष्ठ की फणस, बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले, या प्रश्नांवर आमच्या वाडवडिलांनी कित्येक रात्री जागविल्या आणि एकाही रात्री निकाल लागला नाही. निकाल लागला नाही म्हणून कोणाचे काही बिघडलेही नाही. आंबा खाणारे आंबा खात राहिले आणि फणसवाले फणस फोडीत राहिले. गेले काही महिने आमच्या बेळगावच्या घरात चालू असलेला वाद मात्र इतका निरुपद्रवी नाही. कोंबडीचे मांस अधिक पौष्टिक की चीज, असा तो वाद आहे. आणि ज्यांच्यासाठी तो उपस्थित झाला त्या आमच्या सासूबाई, वय वर्षे ७८, मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या.

शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले गेले; परंतु अन्नावरची वासना उडाली आणि वजन ४२ किलोवर आले. डॉक्टरांनी कागदावर एकच ओळ लिहिली : प्रथिने वाढवा. आणि तोंडाने पुस्ती जोडली, "कोंबडीचे सूप सुरू करा." डॉक्टर निघून गेले आणि घरात दोन पक्ष पडले. आमचे चिरंजीव व्यायामशाळेत जातात व दररोज सकाळी कोंबडीच्या छातीचे मांस उकडून, तराजूवर तोलून खातात. ते अर्थातच डॉक्टरांच्या बाजूचे. आमची सौभाग्यवती आईच्या स्वभावाची जाणकार असल्यामुळे चीजच्या बाजूची. कारण सासूबाई मडगावच्या सारस्वत घराण्यातल्या. जन्म मासळीत गेलेला, कोंबडीची शागोती त्यांच्या हातची खाल्लेला मनुष्य ती विसरत नाही. परंतु १२ वर्षांपूर्वी सासरे गेले त्या दिवसापासून त्यांनी मासळी आणि मांस दोन्ही सोडले. कोणी सोडावयास लावले नव्हते. रूढी जुनी आहे, तिच्यावर आम्ही स्वतः पुष्कळदा टीका केली आहे. पण स्वखुशीने घेतलेल्या नेमापुढे आमची टीका काय कामाची?

पेशाने आम्ही वकील. दोन्ही पक्ष तावातावाने बोलू लागले की पहिली गोष्ट करावयाची ती म्हणजे कागदपत्र मागविणे. या प्रकरणात कागदपत्र म्हणजे अन्नघटकांचे तक्ते. ते आपल्या देशात चांगल्या परंपरेचे आहेत. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली एक्रॉइड यांनी हिंदी अन्नांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांचे तक्ते १९७१ चे. आणि त्याच संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. चीजचे आकडे मात्र परदेशी तक्त्यांत अधिक सविस्तर मिळतात.

साक्षीदाराची सरतपासणी सोपी असते. शंभर ग्रॅम शिजविलेल्या, कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीत सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने, साडेतीन ग्रॅम स्निग्धांश आणि १६५ उष्मांक. शंभर ग्रॅम चेडर चीजमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, ३३ ग्रॅम स्निग्धांश आणि ४०० उष्मांक. आपल्या पनीरमध्ये प्रथिने १८-१९ ग्रॅम, आणि स्निग्धांश दूध गाईचे की म्हशीचे यावर १५ पासून २५ पर्यंत. चिरंजीवांनी हा कागद वाचला आणि खटला जिंकल्याच्या थाटात टेबलावर ठेवला.

पण उलटतपासणी अजून व्हावयाची होती. शंभर ग्रॅम हे माप कोणाचे? प्रयोगशाळेचे. माणूस शंभर ग्रॅम कोंबडी सहज खातो. शंभर ग्रॅम चीज एका बैठकीला खाणारा मनुष्य आम्ही पाहिलेला नाही. चीजची चकती २० ग्रॅमची असते आणि तिच्यात चार-पाच ग्रॅम प्रथिने निघतात, इतकाच तिचा खरा ऐवज. दुसरे, कोंबडी कच्ची की शिजलेली? कच्च्या मांसात प्रथिने २२-२३ ग्रॅमच असतात. शिजताना पाणी उडते, वजन सुमारे चौथाईने उतरते, म्हणून उरलेल्या शंभर ग्रॅमांत आकडा फुगलेला दिसतो. तिसरे, छातीचे मांस की मांडीचे? मांडीत स्निग्धांश जवळजवळ तिप्पट. आणि बाजारातून आणलेल्या किलोभर कोंबडीत हाडे किती, हे तर तक्त्याला विचारूच नये. अशा रीतीने उलटतपासणी घेतली म्हणजे साक्षीदार खोटे बोलतो असे सिद्ध होत नाही. जे विचारले त्याचेच उत्तर त्याने दिले होते, एवढेच सिद्ध होते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १४ व्या आदेशात वादमुद्दे काढण्याची तरतूद आहे. मुद्दे चुकीचे निघाले की पुढचा सारा पुरावा उत्तम असूनही निकाल वाकडा लागतो, हे न्यायालयात आम्ही अनेकदा पाहिले आहे. येथेही तेच होत होते. "कोणते श्रेष्ठ" हा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता, ४२ किलो वजनाची, कवळी लावणारी, चार घासांत पोट भरणारी एक वृद्ध स्त्री त्या चार घासांत काय खाईल?

मुद्दा असा बदलला की आकड्यांचे रूपच पालटते. पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळवावयाची तर कोंबडीच्या छातीचे ८० ग्रॅम पुरतात व उष्मांक पडतात सुमारे १३०. तीच प्रथिने चीजमधून घेतली तर उष्मांक ४०० च्या वर जातात, आणि पनीरमधून साडेतीनशेच्या आसपास. आमच्यासारख्या, कोर्टातील खुर्चीवर बसून कंबरेचा घेर वाढविलेल्या माणसाच्या बाबतीत हा चीजवरील गंभीर आरोप आहे, आणि आम्ही तो निमूटपणे मान्य करतो. परंतु ज्या व्यक्तीला दिवसाकाठी पुरेसे उष्मांकच पोटात जात नाहीत, तिच्या बाबतीत तोच आरोप गुण ठरतो. थोड्या घासांत अधिक शक्ती, हेच तर हवे होते. शिवाय कोंबडीच्या तंतूंना चावावे लागते. कवळीला ते जड. पनीर बोटाने मोडते.

हाडाचा विचार केला तर चीजचे पारडे आणखी खाली जाते. शंभर ग्रॅम चेडरमध्ये ७०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, कोंबडीच्या मांसात जेमतेम १५. पनीरमध्ये चेडरपेक्षा कमी, कारण लिंबाच्या आंबटाने दूध फाडले की काही कॅल्शियम विरघळून पाण्याबरोबर जाते. तरीही कोंबडीच्या कैक पटींनी अधिक. ब१२ जीवनसत्त्वासाठी मांसच हवे अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात चेडरमध्ये ते कोंबडीच्या छातीहून अधिक असते. उलट नायसिन कोंबडीत भरपूर आणि चीजमध्ये नाममात्र. लोहही कोंबडीचे थोडे असले तरी अंगी लागणारे. आणि चीजच्या विरुद्ध सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मीठ. डबाबंद, प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये शंभर ग्रॅमांमागे सोडियम बहुधा १००० मिलिग्रॅमच्या वर असते. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तेव्हा सौभाग्यवतीच्या पक्षातूनही चीज बाद झाले आणि मीठ न घातलेले घरचे पनीर तेवढे रिंगणात उरले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चीजला मराठीत शब्दच नाही. दूध फाटले की आपण ते 'नासले' म्हणतो, आणि नासलेल्या वस्तूतून मेजवानी उभी राहते ही कल्पना आमच्या आजीला पटली नसती. दह्याचा चक्का आपण बांधतो, दूध आटवून आमच्या बेळगावात कुंदा करतात, खरवसावर तर सर्वांचाच जीव. पण दूध मुद्दाम फाडणे नको. कुंदा सोयीचाही आहे म्हणा : पनीर करताना जे पाण्याबरोबर वाहून जाते ते सारे कुंद्यात राहते, फक्त त्याच्याबरोबर साखरही येते. गोव्यात पोर्तुगीजांमुळे चीज पुष्कळ आधी आले. १९५० च्या दशकातील आर्थिक नाकेबंदीत तेथील दुकाने परदेशी मालाने भरलेली असत, आणि सासूबाईंच्या माहेरी त्या काळी चीजचा एक पत्र्याचा डबा आला होता. चीज कोणी खाल्ले ते त्यांना आठवत नाही. डब्यात पुढे २० वर्षे मोहरी ठेवली जात होती, हे आठवते.

वादातला सर्वांत नाजूक प्रसंग यानंतर आला. चिरंजीवांनी एका संध्याकाळी हलक्या आवाजात सुचविले की कोंबडीचे सूप आजीच्या आमटीत मिसळावे; मसाल्यात वास मारला जाईल, आजीला कळणार नाही, आणि कळले नाही तर नेम मोडला असे कसे म्हणता येईल? हेतू प्रेमाचा होता, यात शंका नाही. रात्री आजीचे पाय चेपताना हाडे हाताला लागतात म्हणून मुलगा रडकुंडीला आला होता. सौभाग्यवती गप्प राहिली. ते मौन आम्हांला अधिक भयावह वाटले, कारण तिचाही धीर सुटत चालला होता.

आम्ही नाही म्हटले. अजाणतेपणी मिळविलेली संमती ही संमती नव्हे, हे तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते; पण आजारी माणसाच्या उशाशी कायद्याचे कलम कोण ऐकतो? म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूने आलो. निथळ सुपात उतरते काय? चव, मीठ, थोडी चरबी आणि हाडांतले थोडे जिलेटिन. प्रथिने बहुतांशी मांसातच राहतात, आणि ते मांस तर तू स्वतःच्या ताटात वाढून घेणार. जिलेटिन हे प्रथिन खरे, पण ट्रिप्टोफॅन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल त्यात मुळीच नसते. म्हणजे आजीचा १२ वर्षांचा नेम मोडावयाचा, आणि मोबदल्यात तिला द्यावयाचे ते वाटीभर खारट पाणी! मुलगा हुशार, त्याने लगेच दुसरा बाण काढला. चीज गोठविण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, मग तुमचे चीज तरी कसे चालले? ते युरोपात अजूनही पुष्कळ ठिकाणी खरे आहे. आपल्याकडील हिरव्या ठिपक्याच्या चीजला सूक्ष्म जीवांपासून केलेले रेनेट लागते. आणि घरच्या पनीरला लिंबू. तेव्हा हरकत फेटाळण्यात आली.

प्रत्यक्ष सासूबाईंना हे सारे दुसऱ्या दिवशी सांगितले, सुपाच्या बेतासकट. त्यांनी नातवाकडे बराच वेळ पाहिले. मग तराजूकडे बोट करून म्हणाल्या, "तुमी म्हाका जोखून खावयतात?" आणि हसल्या. पनीर खाईन म्हणाल्या, पण पंजाबी लाल रश्श्यात नको. ओले खोबरे, हिरवी मिरची आणि वर तुपाची फोडणी हवी.

हिशेब आता असा आहे. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने २०२० साली सुचविलेले प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे त्यांच्यासाठी ३५ ग्रॅम. परंतु आजारातून उठणाऱ्या वृद्धांना १.२ ग्रॅमपर्यंत द्यावीत असे तज्ज्ञांचे अलीकडचे मत आहे. म्हणून आम्ही ५० ग्रॅमांचे लक्ष्य धरले. दूध २०० मिलिलिटर, साडेसहा ग्रॅम. दोन्ही वेळच्या आमटीतली डाळ, नऊ. वाटीभर दही, पाच. भात व पोळी मिळून अकरा. शेंगदाण्याची चटणी, पाच. आणि ताजे पनीर ६० ग्रॅम, अकरा. पनीरचे पाणी आम्ही फेकत नाही. कणीक त्यातच मळतात आणि पोळ्या मऊ होतात. एकूण सत्तेचाळीस-साडेसत्तेचाळीस.

गेल्या महिन्यात वजन ४३ किलो भरले, आणि त्या चौकट धरून तुळशीपर्यंत जाऊ लागल्या. रविवारी नातवासाठी शागोती होते तेव्हा खुर्चीवर बसून खोबरे किती भाजावे ते त्याच सांगतात. चव मात्र घेत नाहीत, लेकीला "मीठ पळय गो" म्हणून हाक मारतात. जवळजवळ तीन ग्रॅमांची तूट राहिली होती. ती भरण्यासाठी सौभाग्यवती आता रात्रीच्या दुधात दोन चमचे बिनसायीच्या दुधाची भुकटी घालते. दूध अलीकडे दाट का लागते, हे सासूबाईंना पहिल्याच रात्री सांगितले आहे.