दाढेपलीकडचं वाचताना

रिसोडकडच्या एका मावशींचा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, रात्री उघडला. डॉक्टरांचा प्रश्न एवढाच होता, खालची अक्कलदाढ काढताना नस दुखावेल का? साध्या एक्स-रेत मुळं आणि नसेची नळी एकमेकांवर पडलेली दिसतात. आत कोण, बाहेर कोण, कळत नाही. इथे एकेक काप सरकवत गेले. नळी मुळांच्या जिभेकडच्या बाजूनं चाललेली, आणि मधली हाडाची पांढरी कड काही कापांत दिसेचना. ओठ बधिर होण्याचा धोका आहे, असं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं.

पण विचारलं तेवढंच बघून उठणं मला पटत नाही. किरण दिले आहेत, तर स्कॅनमध्ये आलेलं सगळं वाचायलाच हवं. सायनस, सांधा, दुसऱ्या बाजूचं हाडसुद्धा. आमच्या विदर्भात तंबाखूचा खर्रा खाणारे इतके, की हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली की कर्करोगाच्या शंकेनं छातीत धस्स होतं. गालाच्या आतलं मऊ मांस मात्र यात नीट दिसत नाही. तिथे तोंड उघडून, बोटानं चाचपूनच बघावं लागतं.

१९९८ साली इटलीतल्या संशोधकांनी दातांसाठी सीबीसीटीचं हे तंत्र मांडलं.

सकाळी डॉक्टरांना फोन करायचाय, सर, नस वाचावी म्हणून नुसता दाढेचा माथा काढून मुळं तशीच ठेवता येतील का?