रंगविलेले चेहरे

लेखकानें विषयाला हात घालण्यापूर्वीं त्या विषयांतील आपला अधिकार सांगावा, अशी जुनी चाल आहे. ती पाळावयाची तर आरंभींच कबूल केलें पाहिजे कीं, जपानांतील 'व्हिज्युअल केइ' नांवाच्या रॉक-संगीतांत आमचा अधिकार जवळजवळ शून्य आहे. तीस वर्षें आम्हीं महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकविलें. पण गिटार आणि ड्रम यांच्या गदारोळांतून एक सूर दुसऱ्यापासून वेगळा काढण्याची कला आम्हांस अद्याप साधलेली नाहीं. असें असतां आम्ही ह्या विषयावर लिहावयास बसलों, याचें कारण आमची कन्या. तिचा अधिकार मोठा आहे. चवदाव्या वर्षापासून ती ह्या मंडळींची चाहती. त्यांच्या गाण्यांतील शब्द कळावेत एवढ्यासाठीं ती पुण्यांत जपानी भाषा शिकली, आणि त्याच भाषेच्या बळावर आज टोकिओंत नोकरी करते. ज्या छंदाला आम्ही एके काळीं वेळेचा अपव्यय म्हणत होतों, त्यानेंच तिला पोटाला लाविलें!

प्रथम नांवाचा उलगडा करूं. १९८२ सालीं चिबा प्रांतांतील तातेयामा येथें योशिकी व तोशी ह्या दोन बालमित्रांनीं 'एक्स' नांवाचा संच काढला. १९९२ पासून तो 'एक्स जपान' म्हणून ओळखला जाऊं लागला. १९८९ च्या 'ब्लू ब्लड' ह्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर जें घोषवाक्य छापलें होतें, त्यांत 'व्हिज्युअल शॉक', म्हणजे डोळ्यांना बसणारा धक्का, असे शब्द होते. पुढच्याच वर्षीं ह्या धर्तीच्या संचांना वाहिलेलें 'शॉक्स' हें मासिक निघालें व तें २०१६ पर्यंत चाललें. त्या सुमारास हें नांव रूढ झालें. 'केइ' ह्या अक्षराचा अर्थ वंश, शाखा, परंपरा. आपल्याकडे त्याला 'घराणें' म्हणतां येईल. धक्का बसावा अशीच ही मंडळी दिसत. पुरुषांच्या डोळ्यांभोवतीं काजळाचे जाड थर, ओंठांवर गडद रंग, केंस वीतभर उभे केलेले व तेहि तांबडे किंवा गुलाबी, अंगावर कधीं कातडें तर कधीं झालरींचा झगा. १९९२ त निघालेल्या 'मालिस मिझेर' ह्या संचांतील माना हा गिटारवादक तर स्त्रीवेषांतच वावरे, आणि मुलाखतींत स्वतः न बोलतां शेजारच्या सोबत्याच्या कानांत कुजबुजे. मग तें उत्तर सोबत्यानें मोठ्यानें सांगावयाचें!

घराणें म्हटलें कीं आमच्यासारख्याच्या मनांत गायकी येते. डोळे मिटून ऐकलें तरी घराणें ओळखूं आलें पाहिजे, असा आपला दंडक. येथें तसें नाहीं. एक्सची सारी धांव वेगाची. मालिस मिझेरमध्यें युरोपांतील जुन्या दरबारी संगीताचा थाट. आणि १९९७ त निघालेल्या 'दिर आँ ग्रे' ह्या संचाच्या किंकाळ्या ऐकून आम्हीं प्रथम खिडकी लावून घेतली होती. कानानें ओळखूं न येणारें हें घराणें केवळ चेहऱ्यावरून ओळखावयाचें. साहजिकच हें संगीत आहे कीं नुसता पोशाख, हा वाद त्याच्या जन्मापासून चालूं आहे, आणि तो वाद घालण्यांत चाहत्यांचें अर्धें आयुष्य जातें.

आमच्या घरीं हा वाद एका वाक्यांत संपला होता. २०१२ सालची गोष्ट. घरीं पाहुणे यावयाचे होते, आणि कन्येच्या खोलीची भिंत ह्या रंगविलेल्या चेहऱ्यांनीं भरलेली होती. आम्ही दारांतूनच म्हणालों, "तीं सोंगें आधीं उतरून ठेव." तिनें एक शब्द उच्चारला नाहीं. चित्रें उतरलीं. भिंतीवर चिकटपट्टीचे पिवळे चौकोन राहिले, ते पुढें रंगकाम होईपर्यंत होते. त्या दिवसापासून ह्या विषयावर ती आमच्याशीं बोललीच नाहीं. मुलीचें खूळ गेलें, असें आम्हीं समजलों.

यांतील खरी लाजेची गोष्ट निराळीच आहे. आमचे आजोबा बालगंधर्वांचे भक्त. त्यांच्या शालूची नेसण, नथीची ठेवण घरंदाज स्त्रिया कशा उचलीत, हें सांगतांना म्हातारपणींहि आजोबांचा आवाज कांपत असे. ती हकीकत आम्हीं वर्गांत किती वेळां रंगवून सांगितली असेल याची गणती नाहीं. आणि पुरुष स्त्रीवेषांत उभा राहिला असतां प्रेक्षकाच्या मनांत नेमकें काय होतें, यावर आम्हीं एक निबंधहि वाचला होता. त्या निबंधाला टाळ्या मिळाल्या त्याच वर्षीं आम्हीं घरांतील भिंत साफ करविली. रंगभूमीवरचा रंग ही कला आणि आपल्या मुलीच्या भिंतीवरचा रंग हें सोंग, असा हा आमचा सौंदर्यविचार!

१६ एप्रिल २०२४ रोजीं रात्रीं टोकिओहून फोन आला. कन्या एवढेंच म्हणाली, "बाबा, रेइता गेला."

आम्हीं विचारलें, "कोण?"

पलीकडे कांहीं क्षण कांहींच ऐकूं आलें नाहीं. इतक्यांत पत्नीनें आमच्या हातांतून फोन घेतला आणि म्हणाली, "तो नाकावर पट्टी बांधणारा ना ग? कसें झालें?" मग दोघी पाऊण तास बोलत होत्या. 'गॅझेट' हा २००२ त निघालेला संच, रेइता हा त्याचा बास-गिटारवादक, नाकावरून आडवी बांधलेली पट्टी ही त्याची खूण, आदल्या दिवशीं तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं वारला, आणि आमच्या कन्येनें उतरलेल्या चित्रांतील निम्मीं त्याच्याच संचाचीं होतीं, ही सारी माहिती आम्हांस त्या रात्रीं स्वयंपाकघरांत उभ्याउभ्या मिळाली. पत्नीला ती बारा वर्षें होती.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आम्ही टोकिओस गेलों. एके रविवारीं कन्येच्या लहानशा खोलींत तिच्या दोन मैत्रिणी जेवावयास आल्या. एक तिच्या कचेरींतील, तिशीच्या आंतली. दुसरी बेचाळीस वर्षांची, एका दुकानांत हिशेब लिहिणारी. अशा स्त्री-चाहत्यांना तिकडे 'बांग्या' म्हणतात. 'बँड' आणि 'गर्ल' ह्या इंग्रजी शब्दांचा तो जपानी अपभ्रंश. वयस्क चाहतीला थट्टेनें 'ओबांग्या' म्हणतात. आमच्या भाषेंत बांग्याकाकू. ही पदवी त्या बाईंनीं स्वतःच आम्हांस हंसत सांगितली.

जेवण आटोपलें आणि वाद सुरूं झाला. रंग पुसला म्हणजे घराणें सुटलें काय, असा प्रश्न होता. धाकटीचें म्हणणें असें कीं, सुटत नाहीं; दिर आँ ग्रेनें रंग कधींच कमी केला, तरी रक्त तेंच आहे. काकूंना हें मुळींच मान्य नव्हतें. त्यांनीं 'ग्ले' ह्या संचाचा दाखला दिला. आरंभीं तेहि असेच रंगलेले. पुढें रंग पुसला, आणि ३१ जुलै १९९९ रोजीं माकुहारी येथें त्यांच्या एका कार्यक्रमास दोन लक्ष माणसें जमलीं. "त्या दोन लाखांत मी नव्हतें," काकू म्हणाल्या. "रंग होता तोंवर ते आमचे होते. रंग पुसल्यावर ते सर्वांचे झाले. चांगलेंच झालें; पण सर्वांच्या माणसासाठीं मी कशाला रांगेंत उभी राहूं?"

कन्या भाषांतर करीत होती, पण ह्या वाक्याशीं ती थांबली. आम्हांसहि तें वाक्य अद्याप सोडीत नाहीं. आम्हीं आजवर असें धरून चाललों होतों कीं, रंग हा नटासाठीं असतो. तो चाहत्यासाठीं कुंपणाचें काम करतो, हें त्या हिशेबनीस बाईंनीं आम्हांस शिकविलें. बाहेरच्याला तो रंग पाहून हंसूं येतें, आणि हंसणारा आपोआप बाहेर राहतो. जो हंसत नाहीं त्याला आंत जागा मिळते. २०१२ सालीं दारांत उभे राहून आम्ही नेमके कोठें होतों, तें यावरून स्पष्ट होतें.

प्राध्यापकाला गप्प बसवत नाहीं. आम्हीं काबुकीचा विषय काढला. १६२९ त शोगुनांच्या राजवटीनें स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली, तेव्हांपासून पुरुषच स्त्रीभूमिका करूं लागले. तेव्हां हें घराणें मूळचें तेथलेंच, असा सिद्धान्त मांडला. तिघीहि हंसल्या. परदेशी मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत काबुकीवर येतोच, असें त्यांचें गणित. ह्या वेळीं त्याला दोन तास लागले होते. धाकटी म्हणाली, ह्या वादकांनीं लहानपणीं काबुकी पाहिली नाहीं, त्यांनीं 'किस' आणि डेव्हिड बोवी पाहिले. तेव्हां आम्हीं आमचें एकुलतें एक ज्ञान बाहेर काढलें. बोवीनें १९७३ त जे वेष केले, त्यांतले कित्येक यामामोतो कान्साई ह्या जपानी कारागिरानें केलेले होते, आणि ते काबुकीच्या वेषांवरूनच सुचलेले होते. म्हणजे रंग येथूनच विलायतेस गेला आणि परत आला तेव्हां घरच्यांनीं त्याला ओळखलें नाहीं. काकूंनीं मान किंचित् लववून हा मुद्दा मान्य केला. त्या रात्रींचा आमचा हा एकच विजय.

सर्वच आम्हांस पटलें असें नाहीं. एकच मुद्रिका तीन निरनिराळ्या वेष्टनांत विकावयाची, आणि चाहत्यानें तिन्ही घ्यावयाच्या; वादकांचीं छायाचित्रें बंद पाकिटांतून विकावयाचीं, म्हणजे हवा तो चेहरा निघेपर्यंत पाकिटें घेत राहावें लागतें; हा व्यापार आम्हांस जुगाराच्या फार जवळचा वाटला. तसें बोललोंहि. कन्येनें आपला पहिल्या वर्षाचा खर्च सांगितला, तो ऐकून आम्हीं पाणी मागितलें.

दोन दिवसांनीं त्या आम्हांस एका तळघरांतील लहानशा 'लाइव्ह हाउसां'त घेऊन गेल्या. तिकिटावरच्या क्रमांकाप्रमाणें आंत जावयाचें, दाराशीं पेयाचे पैसे निराळे द्यावयाचे. दीडशें माणसांत पुरुष आम्ही धरून सहा. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलों. गाणें सुरूं होतांच पुढच्या बायकांचे हात एकदम उठले. प्रत्येक गाण्याच्या हस्तमुद्रा ठरलेल्या असतात. कोणी मोजून देत नाहीं, कोणी चुकत नाहीं. एका जागीं सर्वांनीं दोन्ही बाहू पसरून आपापल्या आवडत्या वादकाकडे ओंजळी उघडल्या. ह्या क्रियेला तिकडे 'साकु' म्हणतात, म्हणजे फुलणें. संगीत आम्हांस कळलें नाहीं. हात कळले. बाहेर पडल्यावर पदपथावर पाकिटें फोडून छायाचित्रांची अदलाबदल चालली होती. त्या गर्दींत आमची कन्या ज्या चपळाईनें दोन देऊन एक घेत होती, ती पाहून मंडईंतील तिच्या आजीची आठवण झाली.

परतण्याच्या आदल्या दिवशीं काकूंनीं आम्हांस त्सुकिजी होंगान-जी ह्या बुद्धमंदिरांत नेलें. दगडी पायऱ्यांसमोर उभे राहतांच आम्ही चपापलों. समोर कार्ल्याच्या लेण्याची कमान! इतो च्यूता ह्या स्थपतीनें जुन्या हिंदी बौद्ध शिल्पाच्या धर्तीवर बांधलेलें हें मंदिर १९३४ त पुरें झालें. तो स्वतः विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थान फिरून गेलेला होता. परंतु काकू कमान पाहण्यास आल्या नव्हत्या. एक्सचा गुलाबी केंसांचा गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं वारला, आणि ७ मे रोजीं येथें त्याचा अंत्यविधि झाला. त्या दिवशीं ह्या मंदिराभोवतीं सुमारें पन्नास हजार माणसें होतीं. योशिकीनें पियानो वाजविला व तोशी गायिला. "मी सोळा वर्षांची होतें," काकू म्हणाल्या. "शाळेचा गणवेश घालून घरून निघालें आणि येथें रांगेंत उभी राहिलें. वडिलांनीं पुढें कधीं विचारलें नाहीं, मींहि सांगितलें नाहीं. आतां ते नाहींत."

मंदिरांत एका कोपऱ्यांत हिदेची छबी आहे, आणि जवळ चाहत्यांना लिहिण्यासाठीं वह्या ठेवलेल्या आहेत. काकूंनीं एक पान लिहिलें. कन्येनें लिहिलें. नंतर तिनें लेखणी आमच्यापुढें धरली. आम्हीं ती घेतली. पण ह्या मनुष्याचें एकहि गाणें आपण अथपासून इतिपर्यंत ऐकलेलें नाहीं, हें ध्यानांत येऊन ती तशीच परत दिली. कन्या कांहीं बोलली नाहीं. भुयारी गाडींत बसल्यावर तिनें आपल्या कानांतील एक इयरफोन काढून आमच्या हातावर ठेवला. गाणें कोणाचें, असें आम्हीं विचारलें.

"आधीं ऐका," ती म्हणाली.