वीज गेली आणि वाक्य उरलं

भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेल्या मुलांचा आवाज मोठा असतो. खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी घरं इथे पुष्कळ. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत माग दिवसरात्र चालतात, आणि धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. अशा खोलीतला आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो. रहिवासी भागासाठी 2000 सालच्या नियमांनी घालून दिलेली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 आहे. त्यामुळे समोरच्या खिडकीतल्या मैत्रिणीला गुपित सांगायचं, तरी ते ओरडूनच सांगावं लागतं. दहावीतल्या एका मुलीने ते तसंच सांगितलं.

आणि नेमकी वीज गेली.

वीज गेली की गल्लीतले सगळे माग एका क्षणात थांबतात. तिचं वाक्य मात्र थांबलं नव्हतं. ‘आज तो माझ्याकडे बघून हसला’ यातला पूर्वार्ध मागांनी गिळला आणि ‘बघून हसला!’ एवढं सगळ्या गल्लीने स्वच्छ ऐकलं. चहाच्या टपरीवरच्यांनी, घाम पुसत बाहेर आलेल्या कारागिरांनी, पापड वाळत घालणाऱ्या काकूंनी. ती खिडकीखाली बसली आणि वीज येईपर्यंत उठलीच नाही.

अशी फजिती या गावात नवी नाही. 2005-06 च्या भारनियमनाच्या दिवसांत वीज तासन्‌तास जायची, तेव्हा तरुण असलेल्या आजच्या आईबापांकडेही असे किस्से सापडतात. 26 जानेवारी 2007 पासून इथलं वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने खासगी कंपनीकडे गेलं. देशातला तो पहिलाच प्रयोग होता. पुढे वीज जाणं कमी झालं. कमी झालं म्हणूनच आता ती गेली की जास्त बेसावध पकडते.

मोठी माणसं अशा वेळी म्हणतात, ‘एवढं काय त्यात?’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण ते चुकीचं आहे. पंधराव्या वर्षी त्यात पुष्कळ असतं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1967 साली मांडलं की, किशोरवयात माणूस सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरत असतो. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटतं. पुढे 2000 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तरी चित्रातला गायक ओळखला असेल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ओळखला होता.

दिलासा देणारा प्रयोग आहे, यात शंका नाही. पण त्या खोलीतली माणसं एकमेकांना फारशी ओळखत नव्हती. इथे टपरीवाल्याला मुलीचं शाळेतलं नाव आणि घरचं नाव दोन्ही माहीत असतं, आणि तिच्या चाचणीचे गुण तिच्या आधी शेजारी पोचतात. भिवंडीच्या गल्लीतला प्रेक्षकवर्ग काल्पनिक नाही. इथल्या मुलांची लाज मोजताना हे लक्षात घ्यायला हवं.

हीच मुलगी कधीकधी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जाते. आत हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. ते भिंतींवर, जाळ्यांवर आणि माणसांच्या भुवयांवर बसतात. एकदा ती तिथून थेट शाळेत गेली आणि वर्गाने तिला ‘आजीबाई’ अशी हाक मारली, कारण डोक्यावर पांढरी साय धरली होती. ती चिडली, रडली. पण त्या रात्री तिने एक गोष्ट पाहिली, ती तिच्या वहीत लिहून ठेवली आहे. वडील कामावरून आले तेव्हा तिने त्यांच्या केसांतले तंतू झटकले, आणि काही पांढरे केस झटकूनही गेले नाहीत. ते कधी पिकले हे तिला आठवेना. कापसाच्या या धुळीने फुप्फुसांना बिसिनोसिस नावाचा आजार जडतो, हे तिला विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर जाऊन शोधावं लागलं. वर्गातल्या हसण्यामुळे ती त्या शोधापर्यंत पोचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुलग्यांच्या फजित्या बहुधा रस्त्यावर घडतात. तिच्याच वर्गातला एक मुलगा मामाच्या स्कूटरवर मागे बसून कापडाचे तागे पोचवायला निघाला होता. धामणकर नाक्याला खड्डा आला, दोरी सुटली आणि एक तागा घडी-घडीने उलगडत रस्त्यावर पसरला. कोरं कापड, पावसाळ्यातला चिखल, मागे कंटेनरची रांग. त्याला जमिनीने गिळावं असं वाटलं. आणि मग जे झालं ते तो अजून रंगवून सांगतो. एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून वाहतूक अडवली. भाजी घेऊन चाललेल्या दोन बायकांनी पिशव्या खाली ठेवून कापडाची टोकं धरली, चादरीची घालावी तशी घडी घातली, आणि शिवाय ‘मामाला सांग, दोरी बदल,’ असं बजावलं. कोणीही त्याचं नाव विचारलं नाही. मामा पुढे काय बोलला ते सांगायचं मात्र तो टाळतो.

पावसाची तर वेगळीच वही होईल. कामवारी नदीचं पाणी चढलं की नदी नाक्याकडच्या वस्त्यांना धाकधूक लागते आणि तीन बत्तीच्या भाजी मार्केटात गुडघाभर पाणी साचतं. चप्पल तरंगत जाते, ती नेहमी एकच. परीक्षा ही दुसरी वही. दहावीचा पेपर 11 वाजता, वर्गात साडेदहाला हजर राहायचं, आणि गोदामांकडे निघालेले ट्रक अंजूर फाट्याला ठाण मांडून बसलेले. काल्हेर, राहनाळ, पूर्णा अशा गावांत आता भाताच्या शेतांजागी गोदामं उभी आहेत. देशभर जाणारी खोकी तिथून सुटतात. त्या गावांतल्या आगरी घरांतली मुलं हातात पॅड आणि तोंडात सनावळ्या घेऊन ट्रकांच्या मधून वाट काढत पळतात.

या सगळ्याला ‘अपघात’ म्हणायला ही मुलं तयार नसतात, आणि त्यामागे कारण आहे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. जवळपास चाळीस माणसं गेली. बचावपथक येण्याआधीच आसपासच्या लोकांनी हातांनी ढिगारा उपसायला सुरुवात केली होती, आणि त्या ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. आज दहावीत असलेली मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती, पण ती पहाट त्यांना लख्ख आठवते. खरा अपघात कशाला म्हणतात हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. चप्पल वाहून गेली तर ती ‘पोपट झाला’ म्हणतात, आणि आपलं दुःख नेमक्या मापाचं ठेवतात. हे माप मला मोठ्यांच्या बोलण्यात क्वचितच दिसतं.

मराठीत या वयाच्या लाजेला मोठी जागा मिळालेली आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या 2004 सालच्या कादंबरीत देशावर आणीबाणी असते आणि नववीतल्या मुकुंद जोशीचं सारं लक्ष शिरोडकर कुठे बसली आहे याकडे असतं. भिवंडीची अशी कादंबरी लिहिली जायला हवी. तीत एका बाकावर मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी घरांतली मुलं बसलेली असतील, वक्तृत्व स्पर्धेत कुणाच्या तोंडून घरची आगरी निसटेल, आणि वीज जाईल तेव्हा कुणाचं तरी अर्धं वाक्य गल्लीभर फिरेल.

तोवर ते साहित्य शेअर रिक्षात ऐकायला मिळतं. कल्याणला क्लासला जाणाऱ्या मुली मागच्या सीटवर दाटीवाटीने बसतात. मेट्रोच्या कामामुळे रांजनोली नाक्याला गाडी हलत नाही आणि मग कुणाची फजिती मोठी यावर वाद पेटतो. खिडकीवाली म्हणते, माझीच. चपलेवाली म्हणते, तुझं निदान वाक्य होतं, मी अनवाणी घरी गेले. परवा पुढे बसलेल्या चाचांनी आरसा फिरवला आणि हँडलवरचे हात सोडून म्हणाले, ‘अरे, तुमचं काहीच नाही. मी शादीच्या दिवशी चुकीच्या वरातीत नाचलो, पूरा एक घंटा.’ मुलींनी एकदम विचारलं, ‘मग? कळलं कधी?’ तेवढ्यात मागच्या टेम्पोने हॉर्न दिला, आणि कोनगाव येईपर्यंत चाचांनी तो किस्सा नवरदेवाच्या भावापासून जिलबीपर्यंत सगळ्या तपशिलांसह, मागांवर ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात सांगितला.